नागरी वनांची परिस्थितिकी आणि पदव्युत्तर संशोधन : एक चिकित्सा

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांत शहरांतील वृक्षसंपदेवर पदव्युत्तर लघुप्रबंध लिहिले जातात. मात्र त्यांतील पुष्कळसे प्रजातींच्या यादीपाशी थांबतात. कुल, शास्त्रीय नाव, मराठी नाव, उपयोग अशी कोष्टके आणि शेवटी वृक्षतोड थांबविण्याची शिफारस, हा त्यांचा ठरलेला साचा होय. यादी निरुपयोगी नसते. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडावा लागतो. परंतु यादी म्हणजे परिस्थितिकी नव्हे. झाड किती वेगाने वाढते, त्याच्या छायेत काय रुजते, हे प्रश्न यादीत येतच नाहीत.

ही उणीव केवळ शैक्षणिक राहिलेली नाही. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी केलेल्या १९७५ च्या राज्य अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचा वृक्ष 'वारसा वृक्ष' ठरला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. वय हीच कायद्याची मोजपट्टी झाली. पण उभ्या झाडाचे वय ठरवावयाचे कसे? सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट असतात; वड-पिंपळांत ती भरवशाची नसतात, शिवाय ती पाहण्यासाठी खोडाला छिद्र पाडावे लागते. उरतो तो घेर. घेरावरून वय काढावयाचे तर त्या प्रजातीच्या त्याच शहरातील वाढीचा वेग ज्ञात हवा. मोकळ्या माळावरचा कडुनिंब आणि डांबरी रस्त्याकडेचा कडुनिंब एका गतीने वाढतील असे गृहीत धरता येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला खरी संधी आहे ती येथे. मोजपट्टी, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर रंगाची खूण आणि नोंदवही एवढ्यावर हे काम सुरू होते. अडचण साधनांची नसून मुदतीची आहे. दोन वर्षांत एका झाडाच्या घेरात पडणारा फरक अल्प असतो. तेव्हा निरीक्षणक्षेत्र विद्यार्थ्याचे नव्हे, विभागाचे असावे आणि पुढील तुकडीने तीच झाडे पुन्हा मोजावीत. अमेरिकेत १९९७ साली बाल्टिमोर व फिनिक्स ही शहरे दीर्घकालीन परिस्थितिकीय संशोधनासाठी निवडली गेली, ती याच तत्त्वावर. पुण्यातील टेकड्यांवर लावलेल्या परदेशी गिरिपुष्पाखाली स्थानिक रोपे तग धरतात की नाही, या वादाचा निर्णयही अशाच वर्षानुवर्षांच्या मोजणीतून होऊ शकेल.

आपल्याकडे मात्र पूर्वीचाच विषय पुन्हा घेणे हा दोष मानला जातो. मार्गदर्शक दरवर्षी नवा परिसर, नवे शीर्षक सुचवितात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. बंद केल्यापासून तर पीएच. डी.पूर्वीच्या क्षेत्रकार्याचा सारा भार एम. एस्सी.च्या लघुप्रबंधावर आला आहे. ग्रंथालयांतील जुन्या लघुप्रबंधांत घेराचे आकडे सापडतात. पण ते झाड नेमके कोठे उभे होते याची नोंद बहुधा नसते, त्यामुळे आज ते पुन्हा मोजता येत नाही.