सण कुणाचा?

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा. परळ-लालबागच्या मुलांना मूर्तींचे कारखाने शाळेच्या वाटेवरच दिसतात. इतके साहित्य दाराशी असताना बालवर्गातला उत्सव मात्र बहुधा असा होतो : मूर्ती विकतची, मखर बाईंनी रात्र जागून केलेले आणि मुले हात जोडून गप्प. मुलांच्या हातांना यात कामच नाही, ही आमची तक्रार आहे.

त्यांच्या हाती शाडूची माती द्यावी. मग वाळलेली शाडूची गोळी व घट्ट झालेल्या प्लास्टरचा तुकडा दोन पेल्यांतल्या पाण्यात सोडावा. काय होईल, ते आधी मुलांना विचारावे. शाडू काही तासांत ढासळते. प्लास्टर कित्येक दिवस तसेच राहते. मात्र ‘शाडू विरघळली’ असे सांगू नये. तिचे कण सुटे होऊन तळाशी बसतात. ती माती पुन्हा मळता येते. उलट घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते थोडे विरघळते, लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम.

वर्गातल्या काही मुलांच्या घरी गणपती नसतो. आरतीच्या वेळी ती बाजूला पडतात, मातीकामात पडत नाहीत. शाळेतल्या सणाला हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते.