निवडीच्या आधीची तीन वर्षं

विरारहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये क्रिकेटचं किट घेऊन चढणारी शाळकरी मुलं आपल्याला नवी नाहीत. त्यांच्यातल्याच एकाने, विरारच्या पृथ्वी शॉने, नोव्हेंबर २०१३मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. तेव्हा त्याला चौदावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून तो खेळत होता. त्याच्या आधी पालघरजवळच्या माहीम गावच्या शार्दुल ठाकूरने याच स्पर्धेत बोरिवलीच्या शाळेकडून एका षटकात सहा षटकार मारले होते. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो आणि सांगाव्यातच. पण त्या आपण नेहमी शेवटाकडून सांगायला घेतो. आधी भारताची टोपी येते, आणि मग त्या टोपीच्या उजेडात लोकलची गर्दी, खांद्यावरची बॅग, वडिलांनी खाल्लेल्या खस्ता, सगळंच सुंदर दिसू लागतं.

अरविंद अडिगा यांची ‘सिलेक्शन डे’ (२०१६) ही इंग्रजी कादंबरी गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगते. तिचा मोठा भाग निवडीच्या दिवसाच्या तीन वर्षं आधी सुरू होतो. टोपी मिळेल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याला ती मिळावी म्हणून सगळे झटताहेत त्या मुलाला ती हवी आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. किशोरवयीन खेळाडूंवरच्या गोष्टींत हा प्रश्न इतक्या धीटपणे मी क्वचितच वाचला आहे.

राधाकृष्ण आणि मंजुनाथ हे दोघे भाऊ दहिसरच्या झोपडपट्टीत राहतात. दहिसर म्हणजे आपल्या नायगावहून भाईंदरची खाडी ओलांडली की तिसरं स्टेशन. वडील मोहन कुमार कर्नाटकातून आलेले, चटण्या विकून घर चालवणारे. आई घर सोडून गेलेली. बापाने देवाशी करार केल्यासारखं ठरवून टाकलं आहे की थोरला राधा जगातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होणार आणि धाकटा मंजू दुसऱ्या. मुलांनी काय खायचं, कधी झोपायचं, दाढीला वस्तरा लावायचा की नाही, सगळं त्याच्या हुकमाने चालतं. मग टॉमी सर नावाचा, आयुष्यभर मैदानांवर पोरं हेरत फिरलेला म्हातारा त्यांना शोधून काढतो. त्याच्यामागून आनंद मेहता हा पैसेवाला येतो आणि दरमहा रक्कम देऊन मुलांच्या पुढच्या कमाईत हिस्सा लिहून घेतो.

हे दोन करार अडिगांनी शेजारीशेजारी ठेवले आहेत, आणि मला वाटतं कादंबरीचं सगळं बळ या जुळणीत आहे. एक करार देवाशी, दुसरा बाजाराशी. दोन्हींत गहाण पडलेली वस्तू एकच, मुलाचं अंग. आणि सही मात्र त्या मुलाची कुठेच नाही. मोहन क्रूर आहे, तरी लेखक त्याला खलनायक करत नाही. गरिबाच्या हाती मुलाच्या गुणाखेरीज भांडवल नसतं, हे त्याच्या प्रत्येक वेडेपणामागे दिसत राहतं. (पृथ्वीच्या वडिलांनी मुलासाठी आपला कापडाचा धंदा बंद केला; त्यांना मोहनच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं होईल.)

सगळ्यात हळवा भाग राधाचा. तो वाढतो, उंच होतो, आणि त्या वाढीतच त्याचं तंत्र बिघडतं. पुढच्या पायावर वजन घेण्याची जी लय अंगात मुरलेली होती ती हातची जाते. शालेय क्रिकेटमधल्या किती मुलांचं हेच झालं असेल! गाइल्स शिल्डला चौदा वर्षांखालचा जो मुलगा राजा असतो, तो हॅरिस शिल्डपर्यंत वेगळ्याच शरीरात येऊन पोहोचतो. त्याने सराव चुकवलेला नसतो, उनाडक्या केलेल्या नसतात. फक्त तो वयात आलेला असतो. राधाची चिडचिड, धाकट्याबद्दलचं प्रेम आणि त्याच प्रेमाला लागलेली मत्सराची कीड या पानांवर फार खरी उतरली आहे.

मंजूची अडचण नेमकी उलटी. त्याला खेळ येतो, थोरल्यापेक्षा जास्त येतो, आणि ओढ मात्र विज्ञानाची आहे. गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या परदेशी मालिका बघून त्याला तसलं काम करावंसं वाटतं. त्यात जावेद अन्सारी येतो. हा प्रतिस्पर्धी संघातला देखणा, बेफिकीर मुलगा क्रिकेटवर लाथ मारून मोकळा होतो आणि मंजूलाही तेच सांगतो. मंजूला त्याच्याबद्दल वाटणारी ओढ मैत्रीच्या पलीकडची आहे, आणि तिला नाव द्यायची मंजूला भीती वाटते. अडिगा ही भीती गाजावाजा न करता, मंजूच्या रागातून आणि अबोल्यातून दाखवतात. जावेद खात्यापित्या घरचा आहे, म्हणून त्याला सोडून देणं परवडतं. मंजूच्या खांद्यावर मात्र अख्खं घर उभं आहे. दोन मुलांमधलं हे अंतर कादंबरीत कुणी बोलून दाखवत नाही, पण त्यांच्या प्रत्येक भांडणात ते असतं.

एक गोष्ट मला खटकते. पुस्तकात प्रत्यक्ष खेळ फार थोडा आहे. चेंडू बॅटच्या मधोमध बसल्यावर मनगटापर्यंत जे सुख पोहोचतं, त्याला इथे हात आखडून जागा दिली आहे. बापाच्या धाकाने उठणारी मुलं खरी, तशीच गजर होण्याआधी स्वतःहून जागी होणारी मुलंही खरी. नालासोपारा-विरारच्या फलाटांवर दोन्ही भेटतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला या कादंबरीत आपला चेहरा सापडणार नाही. तो सापडता तर मंजूसमोरचा पेच आणखी अवघड झाला असता, कारण नावडती गोष्ट सोडण्यापेक्षा आवडती आणि लादलेली अशी दोन्ही असलेली गोष्ट सोडणं कठीण.

तरीही अकरावी-बारावीच्या वयाच्या, खेळणाऱ्या मुलामुलींनी ही कादंबरी वाचावी, आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावी. मंजू शेवटी काय निवडतो ते मी इथे सांगत नाही. त्याच्या निवडीवर घरातल्या दोन पिढ्यांचं एकमत होईल असं वाटत नाही, आणि तो वाद जेवताना मोठ्या आवाजात झाला तर फारच बरं.