सामंताची साक्ष : सूर आणि हेतू यांतील अंतर

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) या नाटकाची चर्चा बहुधा लीला बेणारेच्या अखेरच्या स्वगताभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे. तथापि पात्राचा सूर, त्याची वृत्ती आणि त्याच्या कृतीमागील हेतू या तीन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असू शकतात, हे स्वगतापेक्षा सामंताच्या साक्षीत अधिक ठळकपणे प्रत्ययास येते.

सामंत हा प्रयोगाच्या गावचा माणूस. अभिरूप न्यायालय करणाऱ्या मंडळींशी त्याचे काही देणेघेणे नाही. गैरहजर नटाची जागा भरून काढण्यापुरता तो खेळात ओढला गेला आहे. बेणारेविषयी त्याच्या मनात आकस नाही, असलेच तर संकोचयुक्त कौतुक आहे. साक्षीदार म्हणून काहीतरी सांगणे भाग पडते तेव्हा तो जवळच्या कादंबरीतला प्रसंग उचलतो आणि त्यात प्रा. दामले व बेणारे यांना बसवतो. सूर भाबडा, हेतू अंगावर पडलेले काम नीट पार पाडण्याचा. परंतु रचलेली ही कथा नेमकी वास्तवाला जाऊन भिडते आणि खेळ खेळ राहत नाही.

या मंडळींच्या क्रौर्याचे मूळ त्यांच्या अपयशात शोधण्याचा प्रघात आहे. वकिली न चालणारे सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, अशी यादी त्यासाठी दिली जाते. पण ही माहिती प्रथम मिळते ती कोणाकडून? पहिल्या अंकात सामंताशी हसतखेळत बोलणाऱ्या बेणारेकडून. त्या थट्टेला तिचा स्वतःचा दंश आहे. म्हणजे ज्याला समीक्षक नाटककाराचे स्पष्टीकरण समजतो, ती वस्तुतः आरोपीनेच आधी देऊन ठेवलेली साक्ष असते. शिवाय सामंत त्या स्पष्टीकरणात बसतच नाही. ज्याला कसलाही सूड उगवायचा नाही, त्याच्याच हातून सर्वांत खोल घाव बसतो. हे मान्य केल्यास ‘अपयशी माणसांचा सूड’ हे सूत्र अपुरे ठरते.

अनुवादातून नाटक वाचणाऱ्यांपुढे सुराचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. ‘शांतता’ हे भाववाचक नाम आहे. ते सभेला उद्देशून उच्चारले जाते आणि त्यात स्वस्थतेचीही छटा आहे. सरोजिनी वर्मा यांच्या हिंदी अनुवादाच्या शीर्षकातला ‘खामोश’ हा शब्द थेट समोरच्या व्यक्तीच्या तोंडावर पडतो. हिंदी वाचकाला दटावणी पहिल्याच शब्दात ऐकू येते. मराठी वाचकाला ती सभ्यतेच्या आड दडलेली सापडते. मराठी संहितेतले क्रौर्य याच सभ्यतेच्या आश्रयाने वावरते. ‘मिस’ हे शाळेतल्या शिक्षिकेचे साधे संबोधन. न्यायालयात तेच अविवाहितपणाचा आरोप होऊन येते आणि त्यासाठी बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही.

स्वगताकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. त्याला कबुलीजबाब किंवा बचावाचे भाषण मानण्याकडे कल असतो. परंतु बेणारे बोलते तेव्हा इतर सर्व पात्रे गोठलेली असतात, आणि नंतर न्यायालय ती काही बोललीच नाही अशा रीतीने पुढे चालू राहते. ज्या भाषणाला नाट्यांतर्गत श्रोताच नाही, त्याचा सूर विनवणीचा कसा असेल? त्यात उपहास आहे, शरीराविषयीची चीड आहे आणि त्याच शरीराची ओढही आहे. यांतील एकच स्वर धरून ठेवणारी अभिनेत्री प्रेक्षकांची सहानुभूती मिळवील, पण बेणारे गमावील.

शेवटी सामंत परत येतो आणि पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट निश्चल पडलेल्या बेणारेजवळ ठेवतो. तिच्याच आवाजातील बालगीत मग ऐकू येते. त्यात चिमणीची विचारपूस करणारा पोपटच असतो. सामंताला आपल्या साक्षीने काय घडले हे उमगले आहे की नाही, हे तेंडुलकर त्याच्या तोंडून वदवीत नाहीत. पोपट ठेवताना नट बेणारेकडे पाहतो की नजर चुकवतो, यावर त्या कृतीचा अर्थ प्रत्येक प्रयोगात नव्याने ठरतो.