हा सैतान कोणाचा? टाउसिगचं पुस्तक वाचताना



मागे माझ्या एका प्रकरणाचा कच्चा मसुदा गाइडकडून परत आला. एका शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि बाजूला एवढंच लिहिलं होतं, "हा शब्द कोणाचा?" शब्द होता 'सैतान'. गोव्यातल्या एका गावात फील्डवर्क करताना लोक मला देवचाराबद्दल सांगत होते. नोट्स काढताना सोयीसाठी मी 'देवचार (सैतान)' असं लिहायला लागलो. पुढे कधीतरी कंस गेला, मग देवचारही गेला आणि मसुद्यात उरला फक्त सैतान. पंधरा पानं तशीच.

वाईट याचं वाटलं की मला हे आधीच कोणीतरी सांगितलं होतं. गावातल्या एका आजींनी माझी वही बघून मला टोकलं होतं, "तो सैतान न्हय रे, आमचो राखणदार." मी ते वाक्यही इमाने इतबारे नोंदवून ठेवलं आणि पुढच्याच ओळीला पुन्हा सैतान लिहिलं!

म्हणून आज एका पुस्तकाबद्दल बोलू. मायकल टाउसिगचं 'द डेव्हिल अँड कमॉडिटी फेटिशिझम इन साउथ अमेरिका' (१९८०). मानववंशशास्त्राकडे वळणार असाल तर आज ना उद्या हे पुस्तक तुमच्या हातात पडेलच. माझी चूक त्यात काही ठिकाणी टाळलेली आहे आणि काही ठिकाणी मोठ्या प्रमाणावर केलेली आहे.

पुस्तक काय म्हणतं?

टाउसिग दोन जागा घेतो. पहिली कोलंबियातलं कॉका खोरं. तिथे गुलामांचे वंशज असलेले शेतकरी जमिनी गमावून उसाच्या मळ्यांवर मजुरीला लागले. त्यांच्यात एक गोष्ट फिरते, की काही पुरुष मजूर जास्त ऊस तोडता यावा म्हणून सैतानाशी गुपचूप करार करतात. मजुरी वाढते, पण तो पैसा वांझ असतो. त्यातून जमीन किंवा जनावर घेतलं तर टिकत नाही. तो फक्त कपड्यांवर, दारूवर, चैनीवर उडवायचा. त्या वाफ्यात पुन्हा ऊस नीट उगवत नाही आणि माणूस अकाली, हाल होऊन मरतो. स्वतःच्या तुकड्यावर राबणारा शेतकरी मात्र असा करार करत नाही, असंही लोक सांगतात.

दुसरी जागा बोलिव्हियातल्या ओरुरोच्या कथिलाच्या खाणी. खाणीच्या आत शिंगं असलेली मातीची मूर्ती असते. तिचं नाव तिओ. स्पॅनिशमध्ये तिओ म्हणजे काका किंवा मामा. खाणकामगार तिला कोकाची पानं, दारू, सिगारेट देतात, ठरावीक वेळी लामाचा बळी देतात. तिओ खनिजाचा मालक. तो खूश असला तर धातूची शीर सापडते, नाराज झाला तर छत कोसळतं.

टाउसिगचा दावा असा. मार्क्स म्हणतो की भांडवलशाहीत वस्तू आणि पैसा यांना जणू स्वतःचा जीव आहे असं आपल्याला वाटू लागतं, आणि त्यामागचे माणसांचे संबंध दिसेनासे होतात. आपण यात जन्मलो, म्हणून पैशाने पैसा वाढणं आपल्याला नैसर्गिक वाटतं. नुकत्याच मजुरीत ढकलल्या गेलेल्या लोकांना ते अनैसर्गिक वाटतं, आणि सैतान ही त्यांनी या व्यवस्थेवर केलेली टीका आहे.

पहिल्यांदा वाचताना मी भारावून गेलो होतो. ज्या गोष्टीला आपण सरळ 'अंधश्रद्धा' म्हणून बाजूला सारलं असतं, तिच्यात या माणसाने अर्थशास्त्र वाचून दाखवलं. पुस्तकाची ही ताकद आजही कमी झालेली नाही. आता माझ्या हरकती.

हरकत पहिली : अफवा आणि विधी यांची सरमिसळ

कॉका खोऱ्यातला करार नेहमी दुसऱ्याने केलेला असतो. "मी केला" असं कोणी म्हणत नाही. ही ऐकीव गोष्ट आहे, शेजाऱ्याकडे अचानक आलेल्या पैशाबद्दलची कुजबुज. ओरुरोत मात्र कामगार एकत्र बसून तिओला दारू पाजतात. तो डोळ्यांना दिसणारा विधी आहे, 'आम्ही' म्हणून केलेला. एका ठिकाणी सैतान शेजाऱ्यावरचा आरोप आहे, दुसऱ्या ठिकाणी कामावरचा भागीदार, थोडा रागीट, पण आपला. दोन्हींना 'डेव्हिल' म्हटलं की फरक पुसला जातो आणि पुस्तकाचा एकसंध दावा उभा राहतो. त्यातही कॉका खोऱ्यात टाउसिग स्वतः राहिला होता, तर खाणींचा भाग मुख्यतः जून नॅश आणि इतरांच्या कामावर उभा आहे.

नॅशचं 'वी ईट द माइन्स अँड द माइन्स ईट अस' (१९७९) सोबत ठेवून वाचा. तिचे कामगार काही कालपरवा शेतावरून आलेले नाहीत. त्यांच्या संघटना आहेत, मार्क्सवादाची भाषा त्यांना येते, मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९५२ मध्येच झालेलं आहे. तरी तिओ आहेच. तिच्या मते हे विधी कामगारांची एकजूट टिकवतात. म्हणजे भांडवलशाहीशी नवी ओळख हे एकच कारण इथे पुरत नाही.

हरकत दुसरी : 'लोक' म्हणजे कोण?

ऑलिव्हिया हॅरिसने १९८९ च्या निबंधात उत्तर पोतोसीतल्या शेतकऱ्यांबद्दल दाखवलं, की त्यांच्यासाठी पैसा वांझ नाही. विधींमध्ये तो सुपीकतेशी जोडला जातो, आणि जमिनीखालच्या ज्या शक्तींना पाद्री सैतान म्हणतील त्या संपत्तीचा उगम मानल्या जातात. मार्क एडलमनने १९९४ मध्ये कोस्टा रिकातल्या गोष्टी अभ्यासल्या. तिथे करार करणारा मजूर नसतो, जमीनदार असतो. गोष्टीत वर्ग आहे, पण वंश आणि लैंगिकताही आहे.

एकच सैतान गरीब मजुराच्या नशिबी मरण आणतो, शेतकऱ्याला समृद्धी देतो आणि जमीनदाराच्या श्रीमंतीचा खुलासाही करतो. मग तो 'एकच' कसा? टाउसिगही पुढे या विषयाकडे परत आला. २०१० च्या आवृत्तीत त्याने नवं प्रकरण जोडलं. स्वतःच्या गाजलेल्या दाव्याकडे तीस वर्षांनी परत यायला हिंमत लागते, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

हरकत तिसरी : भाषांतर आधी कोणी केलं?

आंदीज पर्वतातल्या लोकांकडे सर्वस्वी वाईट असा एकच आत्मा नव्हता, सैतान स्पॅनिश लोकांबरोबर आला, हे टाउसिग सांगतो. पण या गोष्टीवर आणखी थांबायला हवं होतं. दोमिंगो दे सांतो तोमास या पाद्र्याचा क्वेचुआ शब्दकोश १५६० साली छापला गेला. त्यात 'सुपाय' हा शब्द चांगल्या आणि वाईट, दोन्ही प्रकारच्या दूतांसाठी आहे. पुढे धर्मप्रचारात सुपाय म्हणजे फक्त सैतान उरला. अर्धा अर्थ कापून टाकला गेला.

हे वाचताना मला माझी पंधरा पानं आठवली, कारण गोव्यातही अगदी असंच घडलं आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. मराठी ओवीतल्या या ग्रंथात ख्रिस्ती सैतानासाठी 'देवचार' हा शब्द येतो. आजही कोंकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी देंवचार म्हणजे सैतान. आणि त्याच गावातल्या हिंदू घरात देवचार रात्री हातात दांडा घेऊन गावाची राखण करतो, म्हणून त्याला सोरो आणि रोटी दिली जाते. दोन्ही घरं शब्द तोच वापरतात. दोघांचंही खरं आहे. खोटं होतं ते माझं भाषांतर, कारण मी एका घरात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या घराच्या अर्थाने लिहीत होतो. चारशे वर्षांपूर्वी पाद्र्यांनी निदान विचारपूर्वक शब्द निवडला होता. मी तर नुसत्या आळसाने निवडला.

आपला मराठी 'सैतान' तरी कुठे एकाच घरचा? शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, मराठी बायबलमध्ये बसला, आणि रोजच्या बोलण्यात आई भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराला "सैतान आहे नुसता" म्हणते, तेव्हा तिच्या मनात अरबस्तानही नसतं आणि बायबलही नसतं.

मग आपण काय करायचं?

तुमच्या विषयात देवचार नसेल. पण 'जात', 'व्यसन', 'वेड', 'विकास' असा एखादा शब्द असेलच. तो वहीत लिहिताना तीन गोष्टी शेजारी लिहायची सवय लावा. हा शब्द बोलणाऱ्याचा आहे की माझा? तो स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल? आणि मी हे पाहिलं की फक्त ऐकलं? सिनॉप्सिस लिहिताना हे किरकोळ वाटेल. व्हायवाच्या टेबलवर वाटणार नाही.

व्हायवापेक्षा मोठी जोखीमही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणं या गोष्टीचा समावेश आहे. असं म्हटल्याने माणसाचं गावात जगणं कठीण होतं, म्हणून तो गुन्हा ठरला. आपण संशोधक जेव्हा कोणाच्या राखणदाराला सैतान लिहितो तेव्हा कायदा मोडत नाही, पण ते लिखाण छापलं जातं, उद्धृत होतं, आणि त्या गावातली शिकलेली पोरं पुढे आपल्या आजीबद्दल तेच वाचतात.

पंधरा पानं मी पुन्हा लिहिली. 'सैतान' आता पाचच ठिकाणी आहे, आणि पाचही ठिकाणी तो कोणी म्हटला ते शेजारी लिहिलं आहे. आजींचं वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घेतलं. गाइडनी या वेळी कुठेही गोल केला नाही, फक्त विचारलं, "हे तुला त्यांनी कधी सांगितलं होतं?" मी तारीख सांगितली. मसुदा लिहायच्या आठ महिने आधीची.