टंगस्टनच्या भिंतीतील हेलियमधारणा : मापन व निष्कर्ष यांची चिकित्सा

प्रस्तावना :
ड्युटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनातून न्यूट्रॉन आणि हेलियमचे केंद्रक निर्माण होते व हे हेलियम अखेर भिंतीपर्यंत पोहोचते. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या 'इटर' प्रकल्पात प्रथम भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. त्यामुळे हेलियमधारणेचा प्रश्न आता डायव्हर्टरपुरता मर्यादित राहिलेला नाही. या विषयावरील प्रयोग विपुल आहेत. त्यांतील आकड्यांचा अर्थ मात्र जपूनच लावावा लागतो.

मापनातील अडचण :
प्रचलित पद्धतीत नमुना निर्वातात तापवून बाहेर पडणारा वायू वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजतात. ड्युटेरियम रेणूचे वस्तुमान ४.०२८, तर हेलियम अणूचे ४.००३ एकक आहे. सामान्य मापकाला दोन्ही '४' याच ठिकाणी दिसतात. म्हणून दोन्ही वायूंचा एकत्र मारा केलेल्या नमुन्याबाबत उच्च विभेदनक्षमतेचा मापक वापरला होता काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. शिवाय हेलियम टंगस्टनमध्ये जवळजवळ विरघळत नाही. त्याचे अणू जालकातील रिक्त स्थानांत घट्ट अडकतात आणि त्यांचे बुडबुडे बनतात. त्यांतील काही अणू सुटण्यास १५०० केल्विनहूनही अधिक तापमान लागते. नमुना १००० केल्विनपर्यंतच तापविल्यास मोजले जाते ते सुटलेले हेलियम होय, साठलेले नव्हे. (यात प्रयोगकर्त्यांचा दोष असतोच असे नाही, भट्टीचीही मर्यादा असते.)

निष्कर्षांची व्याप्ती :
पृष्ठभागालगतचे बुडबुडे ड्युटेरियमला खोलवर जाण्यास अटकाव करतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. ट्रिटियम दुर्मीळ व किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. साहजिकच हा निष्कर्ष दिलासादायक मानला गेला. परंतु बुडबुड्यांचा हा थर काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो, तर १४.१ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन सेंटिमीटरभर आत शिरून ट्रिटियम अडकण्याजोगे दोष निर्माण करतात. न्यूट्रॉनविरहित प्रयोगांतील दिलासा अणुभट्टीस जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे.

पृष्ठभागावरील तंतुमय थराबाबतही हेच म्हणता येईल. त्याची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे बाल्डविन व डॉर्नर यांनी २००८ मध्ये दाखविले. पण तो मारा स्थिर प्लाझ्माचा होता. अमेरिकेतील अल्कॅटर सी-मॉड या टोकामॅकमध्येही असा थर वाढविता आल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे प्लाझ्मा हेलियमचाच होता; प्रत्यक्ष ड्युटेरियम-ट्रिटियम प्लाझ्मात मात्र हेलियमचे प्रमाण काही टक्केच अपेक्षित आहे.