शिधा आणि रेशन

पुस्तकांची झडती घ्यावी, हा समीक्षेचा शिरस्ता. पण कधीकधी एखादा शब्दच पुस्तकाइतका बोलका असतो, आणि त्याची झडती घेणे हेही समीक्षकाचेच काम ठरते. 'शिधा' हा तसा शब्द आहे. भटजीला, अतिथीला किंवा दारी आलेल्या याचकाला एका जेवणापुरते तांदूळ, डाळ, पीठ, मीठ द्यावयाचे, तो शिधा. देणारा पुण्य जोडतो, घेणारा आशीर्वाद देतो. हक्काची भाषा तेथे कोणीच बोलत नाही. सरकारी मराठीने रेशनकार्डाला 'शिधापत्रिका' म्हटले, तेव्हा हा सारा दानधर्म त्या शब्दाबरोबर कचेरीत शिरला.

धान्याच्या एका नावात केवढा इतिहास दडलेला असतो, हे दया पवारांनी दाखविले. १९७८ साली त्यांचे 'बलुतं' आले. गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. पवारांनी तो शीर्षकस्थानी ठेवला, आणि जन्माबरोबर पदरात पडलेले दुःख हाही एक वाटाच, असे त्याच्याकडून वदविले. त्यानंतर तो शब्द कोणालाच निरागसपणे वापरता येईना. थोर साहित्यकृतीचे हे एक लक्षण मी मानतो. 'शिध्या'ची अशी झडती आपल्या साहित्याने घेतल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

असे का व्हावे? मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले, तेव्हा कारकून आणि हमाल दोघांच्याही हाती कार्ड होते. १९९७ साली गरिबांचा हिशेब निराळा झाला. १९९९ साली महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे असे कार्डांचे रंग पडले. लिहिणारा वर्ग रांगेतून बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर रांगही कथेतून बाहेर पडली, असा माझा कयास आहे. भूक आमच्या साहित्यात पुष्कळ आहे. रेशनचे दुकान जवळजवळ नाही. भुकेविषयी कळवळा दाखवून भागते, दुकानापाशी हिशेब विचारावा लागतो.

मुंबईच्या दाणाबंदरातला घाऊक धान्यबाजार नवी मुंबईत, वाशीला आला. माथाड्यांच्या पाठीवरून तेथे पोत्यांच्या थप्प्या चढतात-उतरतात. आणि तेथून जवळच, तुर्भ्याच्या वस्तीत, महिन्याला माणशी पाच किलोंसाठी पिशव्या रांगेत उभ्या असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे ५ किलो ठरविले, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला कार्डावर कुटुंबप्रमुख केले. अशीच एक कुटुंबप्रमुख मी पाहिली. भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा यंत्राला काही केल्या ओळखू येईना. "उद्या या मावशी," दुकानदार म्हणाला. ती म्हणाली, "उद्या परत खाडा पडंल, दादा. माझंच रेशन हाय न्हवं?"

'माझं रेशन' ती सहज म्हणाली. 'माझा शिधा' म्हणाली नसती. इंग्रजीतून आलेल्या या परक्या शब्दाला पुण्याचा वास नाही. त्याचा अर्थ ठरलेला वाटा एवढाच, म्हणून तो ताठ मानेने उच्चारता येतो. लोकांनी शब्द अचूक निवडला. चुकली ती सरकारी मराठी. २०२२ च्या दिवाळीत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल १०० रुपये घेऊन देण्यात आले, आणि नाव ठेवले 'आनंदाचा शिधा'! दाम मोजून घेतलेल्या जिन्नसांनाही दानाचेच नाव. २०२३ पासून कायद्याचे धान्य मोफत झाले. आता तर 'फुकटचे खाणारे' म्हणावयास शहाणी माणसे मोकळीच झाली.

शब्दांत काय आहे, पोट भरल्याशी कारण, असे कोणी म्हणेल. पण शिधा मिळाला नाही तर याचकाने पुढल्या दारी जावे, एवढाच त्याला मार्ग. वाटा मिळाला नाही तर जाब विचारता येतो. हक्काचे धान्य न दिल्यास सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असे हाच कायदा सांगतो. तो मागावयाचा कोणी, हे शब्दावर अवलंबून आहे: शिधा घेणारा मागणार नाही, रेशनचा धनी मागेल. 'बलुत्या'ने एका शब्दाचा खोटा मुलामा उतरविला. 'शिध्या'चा उतरविणारे पुस्तक मराठीत यावयाचे आहे, आणि ते रांगेत उभ्या असलेल्या कोणीतरीच लिहावे, अशी माझी इच्छा आहे.