डोंगर, देणगी आणि आभाराचा व्हिडिओ

जून उजाडला की ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ठरावीक पोस्टर फिरायला लागतं. मागे हिरवा डोंगर, पुढे हात उंचावलेली माणसं, खाली क्यूआर कोड. शनिवारी चढाई, मुलांसाठी तळ्यावर कयाकिंग, रात्री जेवण आणि गाणी, रविवारी पोहे आणि परतीचा प्रवास. आणि हे सगळं एका चांगल्या कामासाठी. तुमच्याही फोनवर ते आलं असेल. कदाचित तुम्ही दहा पौंड दिले असतील, कदाचित स्वतः चढलाही असाल. मी दोन्ही केलं आहे. म्हणूनच एखाद्या नाटकाचं परीक्षण करावं तसं या ‘निधी उभारणीच्या वीकेंड’चं परीक्षण करावं असं वाटलं. परीक्षण म्हणजे नुसते दोष काढणं नव्हे. काय चांगलं जमलं आहे तेही सांगते.

या प्रकाराचा इथला सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे ‘थ्री पीक्स चॅलेंज’. स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस (१३४५ मीटर), इंग्लंडमधला स्काफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्समधला स्नोडन, म्हणजे वेल्श भाषेतला अर् विद्वा (१०८५ मीटर), हे तीनही डोंगर २४ तासांत चढायचे. चालणं साधारण ३७ किलोमीटर, आणि गाडीचा प्रवास सातशे किलोमीटरच्या वर. म्हणजे २४ तासांतले जवळपास १० तास माणूस मिनीबसमध्ये अवघडून बसलेला असतो. यातला सर्वांत उंच डोंगरही आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) तीनशे मीटरनं ठेंगणा आहे. अर्थात बेन नेव्हिस जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढावा लागतो आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आधीच बरंच उंचावर आहे, तेव्हा फार मिशीला पीळ द्यायला नको.

आमच्या मंडळानं तीन डोंगरांचा हट्ट धरला नाही. एकच घेतला, स्काफेल पाइक, तोही वास्डेल हेडच्या बाजूनं. जमणारे पैसे महाराष्ट्रातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला जाणार होते. आधी जमेची बाजू. बस, हॉल आणि जेवण यांचा खर्च आम्ही सहभागी लोकांनीच भरला, देणगीच्या पैशांना हात लावला नाही. हिशेब सर्वांना पाठवला. आणि माणसं खरोखर भेटली. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या एक काकू पंजाबी ड्रेसवर सुनेचे बूट घालून निघाल्या आणि लिंगमेल गिल हा ओढा ओलांडायच्या जागेपर्यंत आल्या. तिथं दगडावर बसून म्हणाल्या, “एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा पायाला चढ लागला.” हे कुठल्याच हिशेबात येत नाही, पण ते खोटं नव्हतं. रात्री भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये पिठलं-भात होता, लेझीम होती, आणि इथंच जन्मलेली मुलं ताल चुकवत का होईना नाचत होती. मला विचाराल तर या वीकेंडचा सर्वांत प्रामाणिक भाग ही रात्र होती. तिथं कोणी कोणासाठी काही करत असल्याचा आव नव्हता.

आता देणगीच्या पानाकडे या. प्रत्येक सहभागी व्यक्ती स्वतःचं एक पान तयार करते. माझं पान मी पुन्हा वाचलं. पहिलं वाक्य: मी इंग्लंडचा सर्वांत उंच डोंगर चढणार आहे. दुसरं: मला चढायची सवय नाही. तिसरं: मला तुमची साथ हवी आहे. वसतिगृह आलं थेट सातव्या वाक्यात. इतरांची पानं पाहिली तर तीही अशीच. हा कोणा एकाचा दोष नाही, हा त्या पानाचा साचाच आहे. मदत ज्याला हवी तो मागे, आणि मदत मागणारा फोटोसकट पुढे.

पण मुळात माझ्या चढण्याचा आणि तुमच्या देणगीचा संबंध काय? मी डोंगर चढले म्हणून एकाही मुलीला चादर मिळत नाही. ती चादर तुमच्या पैशांनी येते, आणि ते तुम्ही मी घरी बसले असते तरी देऊ शकला असता. यावर संशोधन झालेलं आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ मध्ये ‘हौतात्म्य परिणाम’ नावानं काही प्रयोग मांडले. मदत करताना कष्ट किंवा वेदना सोसाव्या लागणार असतील, तर लोक अधिक पैसे द्यायला तयार होतात. काम माणसांच्या दुःखाशी निगडित असेल तर हे विशेष दिसतं. सार्वजनिक बागेसारख्या आनंदाच्या कामासाठी तसं होत नाही.

आपल्याला यात नवल वाटू नये. अनवाणी येईन, उपास करीन, दंडवत घालत येईन, हे नवस आपण ऐकत मोठे झालो. मात्र नवसात झीज आपली असते आणि साकडं देवाला असतं. इथं पायात गोळे माझ्या येतात आणि पैसे तुमचे जातात. माझाच हिशेब सांगते. त्या वीकेंडवर मी स्वतःसाठी १४० पौंड खर्च केले. माझ्या पानावर ३१० पौंड जमले. माझ्या खिशातून वसतिगृहाला किती गेले? शून्य. आणि सोमवारी प्रयोगशाळेत सहकारी मला म्हणाले, किती छान काम केलंस! मी “थँक यू” म्हणाले.

इथला करविभागही सहल आणि दान यांतला फरक ओळखतो. ‘गिफ्ट एड’ योजनेत करदात्यानं दिलेल्या प्रत्येक पौंडामागे नोंदणीकृत संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. पण सहभागी माणसाच्या सहलीचा खर्च संस्थाच उचलत असेल, तर त्यानं स्वतः किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या पैशांवर ही भर साधारणपणे मागता येत नाही. त्या पैशाचा मोबदला सहलीच्या रूपात घरातच परत आला, असा त्यामागचा साधा विचार आहे. कराच्या नियमात शिकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं, पण आहे.

आणि डोंगराचं काय? माझं काम मातीच्या धूपेवर आहे, त्यामुळे पायवाट दिसली की माझी नजर खाली जाते. हजारो बूट एकाच जागी पडले की आधी गवत मरतं. मुळं गेली की माती सुटते. मग पावसाचं पाणी त्याच वाटेनं धावतं आणि वाटेची घळ होते. घळ टाळायला लोक बाजूनं चालतात आणि तिथलंही गवत जातं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फिक्स द फेल्स’ हा उपक्रम अशा वाटांची दुरुस्ती करतो. दगड हेलिकॉप्टरनं वर न्यायचे आणि एकेक करून हातानं बसवायचे, असं ते काम आहे. त्यातलं बरंचसं स्वयंसेवक करतात. कोणी पडलं, वाट चुकलं, तर वास्डेलच्या माउंटन रेस्क्यू टीमची माणसं येतात. तीही बिनपगारी, आणि त्यांचा खर्चही देणग्यांवर चालतो. सुटका केल्याचं बिल ती पाठवत नाहीत. म्हणजे दान गोळा करायला आलेले आपण, आधी दुसऱ्यांचं दान वापरत वर चढतो. आमच्या पोस्टरवर याचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता.

शिखरावर दगडांचा एक मोठा चौथरा आहे. त्यात एक पाटी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या माणसांच्या स्मरणार्थ लॉर्ड लेकनफील्ड यांनी १९१९ मध्ये हे शिखर नॅशनल ट्रस्टला दिलं, असं त्यावर लिहिलं आहे. आम्ही त्या चौथऱ्यावर चढून झेंडा धरून फोटो काढले आणि त्याला टेकून थालीपीठं खाल्ली. आमच्यापैकी कोणीही पाटी वाचली नाही. मीही नाही. घरी आल्यावर, फोटो मोठा करून पाहताना, कोणाच्या तरी पाठपिशवीमागे तिची कड दिसली, तेव्हा ती कसली आहे हे शोधलं. ज्या जागेवर उभं राहून आम्ही आमच्या दानाचे फोटो काढत होतो, ती जागाच कोणी तरी दिलेली होती.

आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. कार्यक्रमाच्या आधी ठरलं, की रात्री हॉलमध्ये वसतिगृहातल्या मुलींचा दोन मिनिटांचा आभाराचा व्हिडिओ दाखवायचा. तिथल्या रेक्टरबाई माझ्या ओळखीच्या, म्हणून निरोप मीच पाठवला. व्हिडिओ आला. धुतलेले गणवेश, ओळीत उभ्या मुली, एकसुरात “आम्ही आपले आभारी आहोत”. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, दोघांनी डोळे पुसले. शाळा नुकती सुरू झाली होती, आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, हे बाईंनी मला नंतर बोलता बोलता सांगितलं. पहिल्या वेळी एक मुलगी मधेच हसली, म्हणून पुन्हा घ्यावा लागला.

वाचकहो, मी स्वतः अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. पाहुणे यायचे त्या दिवशी आम्हाला वेण्या घट्ट घालायला सांगत. स्वागतगीत व्हायचं, फोटो व्हायचे, मग लाडू. पाहुणे वाईट नव्हते. पण ते गेल्यावर कोणी कोणाशी फारसं बोलत नसे. आपल्याकडे पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, रोज एकेका घरी. ताटात वाढणाऱ्या हाताचा स्वभाव त्या मुलांना बरोबर कळत असे. घेणाऱ्याला देणाऱ्याचं सगळं कळतं. हे मला ठाऊक होतं, तरी तो निरोप मी पाठवला. दुसरीकडे, माझी अकरावी-बारावीची फी कोणी भरली हे मला आजही माहीत नाही. त्या माणसानं मला कधी ओळीत उभं केलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग डोंगर सोडून द्या आणि सरळ पैसे मागा. मी ते करून पाहिलं. पुढच्या वर्षी चढाई न करता त्याच लोकांना पत्र लिहिलं, पहिल्याच ओळीत वसतिगृहाबद्दल. ९५ पौंड आले. ३१० आणि ९५ यांतला फरक म्हणजे काही मुलींच्या वह्या, आणि माझ्या तत्त्वासाठी त्यांच्या वह्या जाव्यात असं मी म्हणू शकत नाही. म्हणून डोंगर राहू दे. फक्त तीन गोष्टी बदलू या. सहलीला जो जितका खर्च करील त्यातला निदान काही भाग त्यानं स्वतःही द्यावा. ज्या वाटेवरून चढतो त्या वाटेसाठी आणि रेस्क्यू टीमसाठी जमलेल्या रकमेव्यतिरिक्त थोडं वेगळं काढावं. आणि आभाराचा व्हिडिओ बंद. त्याऐवजी वसतिगृहाकडून वर्षातून एकदा खर्चाचा कागद मागवावा. तो मागायचा आपल्याला हक्क आहे. मुलींचे चेहरे मागायचा नाही.

मंडळाच्या बैठकीत पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर थोडी शांतता पसरली. मग कोणी म्हणालं, “पण लोकांना काही तरी दिसायला हवं ना.” विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. यंदाच्या चढाईत माझं नाव आहे. या वेळी वर गेले की आधी पाटी वाचणार आहे.

रेक्टरबाईंना मी व्हिडिओबद्दल माफी मागणारा लांबलचक मेसेज पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं: “अगं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. गच्चीवरची टाकी गळते आहे, तेवढं कळव त्यांना.”